एका हर्ट्झमध्ये किती बिट? स्पेक्ट्रम जपून वापरणाऱ्या मॉड्युलेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला दोन ठिकाणी ऐकू येतात: कॉलेजच्या लॅबमध्ये आणि टॉवरच्या पायथ्याशी. लॅबमधली मुलं सूत्र पाठ करून येतात, पण ते कशासाठी आहे ते त्यांना कळलेलं नसतं. टॉवरवरच्या पोरांना काय केल्यावर काय होतं ते पक्कं ठाऊक असतं, का होतं ते कुणी सांगितलेलं नसतं. दोघांसाठी हे एकत्र लिहून काढलं आहे. क्रमाने वाचलं तर जास्त उपयोग होईल, पण तशी सक्ती नाही.

स्पेक्ट्रम जपून वापरायचा म्हणजे काय? तो काही संपत तर नाही.

स्पेक्ट्रम म्हणजे रेडिओ लहरींसाठी वापरता येणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा. बरोबर, तो विहिरीच्या पाण्यासारखा आटत नाही. तो एसटीतल्या सीटसारखा आहे. एकाने बसून घेतलं की तेवढ्या वेळात तिथे दुसऱ्याला बसता येत नाही. आणि गाडीत सीट मोजक्याच असतात.

म्हणून हिशोब असा करतात: एक हर्ट्झ रुंदीची पट्टी घेतली तर त्यातून दर सेकंदाला किती बिट (माहितीचे ० किंवा १) पलीकडे पोचतात? यालाच स्पेक्ट्रल एफिशियन्सी म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर ‘हर्ट्झमागे बिट’. इथून पुढे मी हाच शब्द वापरेन.

याची किंमत रुपयांत पाहायची असेल तर २०२२ च्या लिलावाचे आकडे घ्या. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा देशभरासाठीचा दर मेगाहर्ट्झला ३,९२७ कोटी रुपये होता. भागाकार केला तर एका हर्ट्झचे ३९,२७० रुपये होतात, तेही २० वर्षांच्या वापरापुरते. ५जी साठी घेतलेल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाच दर मेगाहर्ट्झला ३१७ कोटी, म्हणजे हर्ट्झला ३,१७० रुपये होता. (७०० चा दर जोडीचा असतो, जाण्याची एक पट्टी आणि येण्याची एक, त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.) एवढे पैसे मोजून घेतलेल्या हर्ट्झमधून एकाऐवजी पाच बिट काढता आले, तर तो फरक किती मोठा ठरतो ते वेगळं सांगायला नको.

मॉड्युलेशन नेमकं काय करतं?

वाहक लहर एकटी असते तेव्हा ती काहीच सांगत नाही, एकाच ठेक्यात वरखाली होत राहते. तिच्यात काहीतरी बदल केला की संदेश तयार होतो. बदलता येण्यासारख्या गोष्टी तीन: लहरीची उंची, तिची फ्रिक्वेन्सी आणि तिची फेज.

मुलं अडतात ती फेजपाशी. दोन झोपाळे डोळ्यांसमोर आणा. दोन्ही सारख्याच वेगाने आणि सारख्याच उंचीपर्यंत हलताहेत, पण एक पुढे गेलेला असतो तेव्हा दुसरा नुकता मधून निघालेला असतो. हा जो पुढेमागेपणा, तीच फेज. पाठवणाऱ्याने झोपाळ्याला मुद्दाम पाव फेरी पुढे ढकललं आणि घेणाऱ्याने ते ओळखलं, की संदेश पोचला.

जुन्या रेडिओत स्पेक्ट्रम वाया जायचा का?

आजच्या हिशोबाने पुष्कळ जायचा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, मुंबई १०४४ वर आणि मुंबईचीच अस्मिता वाहिनी ५५८ वर. या तिन्ही आकड्यांना ९ ने भागून पाहा, निःशेष भाग जातो. आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, म्हणून असं होतं. हे पहिल्यांदा ध्यानात आल्यावर मी जुन्या रेडिओची तबकडी घेऊन तासभर भागाकार करत बसलो होतो.

ही केंद्रं एएम वापरतात, म्हणजे लहरीची उंची बदलून आवाज पाठवतात. एएममध्ये वाहक लहर स्वतः पुष्कळ पॉवर खाते आणि सांगत काहीच नाही. तिच्या दोन्ही बाजूंना जे पट्टे तयार होतात त्यांत मजकूर एकच असतो, दोनदा लिहिलेला. एक बाजू आणि वाहक लहर काढून टाकली तरी आवाज पोचतो, हे जॉन कार्सन यांनी १९१५ मध्येच दाखवलं होतं. त्यातून आलेलं सिंगल साइडबँड हौशी रेडिओवाले आजही रोज वापरतात. मग आकाशवाणीने ते का नाही घेतलं? कारण एएमचा रिसिव्हर अगदी साधा आणि स्वस्त असतो. उधळपट्टी प्रक्षेपण केंद्रात एकाच जागी झाली आणि त्यामुळे रेडिओ लाखो घरांत परवडला. त्या काळासाठी हा निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे.

एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून आवाज पाठवणं, तर आणखी रुंद जागा घेतं. कार्सन यांच्याच नियमाने फ्रिक्वेन्सीचं जास्तीत जास्त सरकणं ७५ आणि आवाजाची पट्टी १५ किलोहर्ट्झ यांची बेरीज दुप्पट केली की १८० किलोहर्ट्झ होतात, म्हणजे मध्यम लहरींवरच्या २० केंद्रांएवढी जागा. त्या बदल्यात खरखर नाहीशी होते.

क्यूपीएसके, १६-क्वाम, ६४-क्वाम यांतले आकडे कसले?

ठिपक्यांची रांगोळी काढलेली असेल तर हे तुम्हाला अर्धं येतंच. ही मॉड्युलेशनच्या प्रकारांची नावं, आणि आकडा म्हणजे ठिपक्यांची संख्या. १६-क्वाम म्हणजे चार बाय चार ठिपके. ठिपका मधल्या बिंदूपासून किती लांब आहे ती लहरीची उंची, आणि कोणत्या दिशेला आहे ती फेज. पाठवणारा दर क्षणी एका ठिपक्यावर बोट ठेवतो, घेणारा ते बोट कुठे पडलं ते पाहतो. असं एकदा बोट ठेवणं म्हणजे एक सिम्बॉल. सोळा ठिपक्यांपैकी एक निवडायचा तर चार बिट लागतात, म्हणून एका सिम्बॉलमध्ये चार बिट. चार ठिपक्यांच्या क्यूपीएसकेत दोन, ६४ मध्ये सहा, २५६ मध्ये आठ, १०२४ मध्ये दहा. वायफाय ७ मध्ये ४०९६ ठिपके आहेत, म्हणजे बारा बिट.

पट्टी तेवढीच, सिम्बॉलचा वेगही तोच. फक्त अंगणात ठिपके दाट झाले, आणि हर्ट्झमागे बिट वाढले.

मग सगळीकडे ४०९६ ठिपकेच का वापरत नाहीत?

कारण अंगण तेवढंच आहे. ठिपके दाट केले की दोघांतलं अंतर कमी होतं, आणि जरासा नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट, आला तरी बोट शेजारच्या ठिपक्यावर पडतं.

ठिपक्यांतलं अंतर तेवढंच ठेवून दोन बिट वाढवायचे असतील, तर अंगणच मोठं करावं लागतं, म्हणजे पॉवर साधारण चौपट. डेसिबलच्या भाषेत ही ६ ची पायरी. ६४ वरून २५६ वर जाताना बिट सहाचे आठ होतात, म्हणजे फायदा तेहतीस टक्के. १०२४ वरून ४०९६ वर जाताना दहाचे बारा, म्हणजे फायदा फक्त वीस टक्के. किंमत मात्र दोन्हीकडे तीच, पॉवर चौपट. वर चढावं तशी प्रत्येक पायरी महाग होत जाते. म्हणून ४०९६ चा लाभ राउटर आणि फोन एकाच खोलीत असतील तरच मिळतो. भिंतीपलीकडे गेलात की राउटर निमूटपणे खाली उतरतो.

ठिपका जिथे पडायला हवा आणि जिथे पडला त्यातली चूक टक्क्यांत मोजतात, तिला ईव्हीएम म्हणतात. ४जी च्या बेस स्टेशनला क्यूपीएसकेसाठी १७.५ टक्के, १६-क्वामला १२.५, ६४-क्वामला ८ आणि २५६-क्वामला फक्त ३.५ टक्के चूक चालते. हे आकडे मी मुलांना पाठच करायला लावतो, कारण एका ओळीत सगळी गोष्ट त्यांत आहे. दाट रांगोळीला हात स्थिर लागतो. तो हात म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, ऑसिलेटर, फिल्टर, आणि यांतलं काहीच फुकट मिळत नाही.

याला वरची मर्यादा कोणती?

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घातलेली. ते तेव्हा बेल लॅब्जमध्ये होते. जास्तीत जास्त वेग = पट्टीची रुंदी × लॉग (१ + सिग्नल भागिले नॉइज), आणि लॉगचा पाया २.

आकडे घालून पाहू. पट्टी २० मेगाहर्ट्झ आणि सिग्नल नॉइजच्या १०० पट. उत्तर येतं सुमारे १३३ मेगाबिट. आता पॉवर दुप्पट करा, सिग्नल २०० पट. उत्तर सुमारे १५३, म्हणजे वाढ जेमतेम २०. त्याऐवजी पॉवर तीच ठेवून पट्टी दुप्पट केली तर काय होईल? पट्टी ४० झाली की नॉइजही दुप्पट आत येतो आणि सिग्नल ५० पटच उरतो, तरीही उत्तर सुमारे २२७ येतं. हा हिशोब ज्याने एकदा हाताने केला त्याला कंपन्या स्पेक्ट्रमसाठी एवढी बोली का लावतात ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

शॅननचं सूत्र तिथवर पोचायचं कसं ते मात्र सांगत नाही. पुढची सात-आठ दशकं अभियंत्यांची त्यातच गेली.

पाऊस आला की डिश जाते, पण मोबाइल चालू राहतो. असं का?

माझा सर्वात आवडता प्रश्न.

घरच्या डीटीएचचा उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो आणि तो सगळ्यांना एकच सिग्नल देतो. तुमच्या गावात ढगफुटी झाली म्हणून उपग्रह काही रांगोळी विरळ करत नाही, कारण त्याच वेळी दुसऱ्या राज्यात लख्ख ऊन असतं. तुमच्या वाट्याचा सिग्नल मर्यादेखाली गेला की पडदा काळा. हा सिग्नल ज्या पट्ट्यात येतो तिथल्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब तिला चांगलंच शोषतात. मोबाइलच्या लहरी त्यामानाने लांब, पावसाचा त्यांना फारसा त्रास नाही.

पण टॉवर एकमेकांना ज्या मायक्रोवेव्ह लिंकने जोडलेले असतात, तिला पाऊस लागतो. कोकणात एका डोंगरावरच्या साइटवर मी हे जुलैच्या दुपारी समोर बसून पाहिलं आहे. लिंक १५ गिगाहर्ट्झची, चॅनेल २८ मेगाहर्ट्झ. शेल्टरमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. स्क्रीनवर २५६-क्वाम लिहिलेलं. समोरच्या डोंगरावर पावसाची पांढरी भिंत उभी राहिली आणि आकडा १२८ झाला. मग ६४. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तोवर १६. मग काही मिनिटं क्यूपीएसके. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तशाच पायऱ्या चढत परत २५६.

दर सेकंदाला २ कोटी ४० लाख सिम्बॉल धरले, तर २५६-क्वामला १९२ मेगाबिट आणि क्यूपीएसकेला ४८, चूक दुरुस्तीचे बिट वजा करण्याआधी. वेग पावपट झाला, पण लिंक तुटली नाही. फोनवर बोलणाऱ्याला पत्ताही लागला नाही. त्याच साइटवर आधीची लिंक एकाच मॉड्युलेशनवर बांधून ठेवलेली होती आणि प्रत्येक जोराच्या सरीला आजूबाजूची गावं तासभर संपर्काबाहेर जायची. पावसाळ्यात सापाने चावा घेतला तर रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता. स्पेक्ट्रमची काटकसर म्हटली की सगळ्यांचं लक्ष वरच्या आकड्याकडे जातं. मला मात्र वेळ आली की खाली उतरता येणं हा या तंत्राचा सर्वात मोठा गुण वाटतो.

पल्स शेपिंग कशाला लागतं?

एका सिम्बॉलसाठी पाठवलेला लहरीचा तुकडा म्हणजे पल्स. सिम्बॉल बदलताना लहर एकदम उडी मारत असेल तर तिचा पसारा शेजारच्या चॅनेलमध्ये सांडतो. म्हणून कडा घासून गोल करतात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच दाखवून दिलं होतं की पल्सला योग्य आकार दिला तर मोजण्याच्या क्षणी शेजारचा सिम्बॉल बरोबर शून्यावर असतो. मग दोन पल्स एकमेकांवर चढल्या तरी बिघडत नाही. किती जागा जास्तीची द्यायची त्याला रोल-ऑफ म्हणतात. ३जी त सेकंदाला ३८.४ लाख पल्स जायच्या आणि रोल-ऑफ ०.२२ होता. ३.८४ गुणिले १.२२ म्हणजे सुमारे ४.६९, हे ५ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये नेमकं बसतं.

२जी त इतकं साधं मॉड्युलेशन का होतं? तेव्हा क्वाम माहीत नव्हतं?

चांगलंच माहीत होतं. पण फोनची बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा विचार पुढे होता. जीएसएम या २जी च्या मानकातलं मॉड्युलेशन म्हणजे जीएमएसके. त्यात लहरीची उंची कधीच बदलत नाही, फक्त फेज हळुवार सरकत राहते. उंची स्थिर असेल तर अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताणून चालवता येतो. काटेकोर नसला तरी भागतं, आणि बॅटरी टिकते. २०० किलोहर्ट्झमध्ये सेकंदाला सुमारे २७१ किलोबिट, म्हणजे हर्ट्झमागे १.३५ बिट. पुढे एज या सुधारित २जी त आठ ठिपक्यांचं पीएसके (फेज बदलणारं मॉड्युलेशन) आलं आणि सिम्बॉलमागे एकाचे तीन बिट झाले. फोनच्या कोपऱ्यात तेव्हा ‘ई’ अक्षर दिसायचं, ते हेच.

ओएफडीएम म्हणजे काय? सगळीकडे तेच का दिसतं?

लहरी सरळ एका वाटेने येत नाहीत. घाटात हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते, थोड्या वेळाने दुसऱ्या कड्यावरूनही येते. रेडिओचं तसंच. सिम्बॉल भराभर पाठवले तर पहिल्याचा प्रतिध्वनी तिसऱ्यावर येऊन आदळतो आणि सगळा गोंधळ होतो.

यावरचा उपाय म्हणजे एका भरधाव प्रवाहाऐवजी शेकडो संथ प्रवाह, प्रत्येक आपापल्या छोट्या वाहक लहरीवर, म्हणजे उपवाहकावर. हेच ओएफडीएम. ४जी त २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये १२०० उपवाहक असतात, दोघांमध्ये १५ किलोहर्ट्झचं अंतर. प्रत्येकावर सिम्बॉल निवांत जातो. शिवाय हे अंतर असं निवडलेलं असतं की एका उपवाहकाच्या शिखरावर बाकी सगळे शून्य असतात, म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागत नाही, उलट ते एकमेकांवर चढलेले असतात. स्पेक्ट्रम वाचतो तो इथे.

प्रत्येक सिम्बॉलच्या शेपटाचा तुकडा कापून त्याच्याच तोंडाशी जोडतात. हा सायक्लिक प्रीफिक्स. ४जी त तो साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा असतो. लहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, म्हणजे सरळ वाटेपेक्षा १,४०० मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनीही या तुकड्यात जिरून जातो. सह्याद्रीच्या दरीत टॉवर लावताना हा आकडा मी नकाशावर कंपासने काढून पाहायचो.

आता एक हिशोब हाताने करा. जुन्या वायफायची, म्हणजे १९९९ च्या ८०२.११ए ची, ५४ मेगाबिट ही संख्या कुठून आली? माहिती वाहणारे उपवाहक ४८. प्रत्येकावर ६४-क्वाम, म्हणजे ६ बिट. चारांतले तीन बिट खरे, एक चूक दुरुस्तीचा. ४८ गुणिले ६ गुणिले तीन-चतुर्थांश म्हणजे २१६ बिट. एक सिम्बॉल ४ मायक्रोसेकंदांचा. २१६ भागिले ४, ५४. खोक्यावर छापलेला आकडा आपल्या वहीत उतरला की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठीच मी शिकवतो.

कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट चँग यांनी ती १९६६ मध्ये मांडली. शेकडो ऑसिलेटर लावणं तेव्हा अशक्य होतं. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवलं की हे काम गणिती फूरिये रूपांतराने (लहरीची वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोड करणाऱ्या गणिताने) होतं, सायक्लिक प्रीफिक्स १९८० मध्ये पेलेड आणि रुइझ यांच्याकडून आला. मग चिप स्वस्त होईपर्यंत थांबावं लागलं.

त्यात काही दोष नाहीत?

दोन मोठे आहेत. शंभर माणसं आपापल्या चालीने टाळ्या वाजवत असतील तर एकूण आवाज मध्यम राहतो, पण एखाद्या क्षणी सगळ्यांचे हात एकदमच जुळून येतात आणि दणका बसतो. उपवाहकांचंही असंच. सरासरीच्या दहापट उंच शिखरं मधूनच येतात आणि तेवढ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर मोठा घेऊन एरवी अर्धपोटी चालवावा लागतो. टॉवरला वीज असते, फोनला बॅटरी. म्हणून ४जी त फोनकडून टॉवरकडे जाताना वेगळी युक्ती करतात: बिट उपवाहकांवर ठेवण्याआधी आणखी एकदा फूरिये रूपांतरातून काढतात, म्हणजे शिखरं खाली बसतात.

इथे भारतातलं एक काम सांगायलाच हवं. पाय-बाय-टू बीपीएसकेमध्ये फक्त दोन ठिपके असतात आणि दर सिम्बॉलला सगळी रांगोळी ९० अंशांनी फिरते. त्यामुळे लहर कधी शून्यातून जात नाही आणि शिखरं फारच कमी होतात. फोन तोच, बॅटरी तीच, पण आवाज लांब पोचतो. आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रासच्या लोकांनी ५जी च्या मानकात हे यावं म्हणून जोर लावला. टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेने तर विरळ टॉवरच्या ग्रामीण भागासाठी ६ किलोमीटर अंतराची चाचणीची अटच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून मान्य करून घेतली. शहरात पाचशे मीटरवर टॉवर असतो. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाडीवर तो नसतो, आणि हर्ट्झमागे दहा बिटांचा तिथे उपयोग नाही.

दुसरा दोष वेगाचा. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत ३.५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ३२४ हर्ट्झनी सरकते. उपवाहकांतलं अंतर ३० किलोहर्ट्झ असेल तर हे एक टक्क्याच्या आसपास, चालून जातं. अंतर कमी असेल किंवा वेग जास्त असेल तर उपवाहक एकमेकांत मिसळायला लागतात. यावर उतारा म्हणून २०१७ पासून ओटीएफएस नावाच्या पद्धतीची बरीच चर्चा आहे. तिच्यात बिट वेळ आणि फ्रिक्वेन्सीऐवजी विलंब आणि डॉप्लर (वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं) यांच्या जाळीवर ठेवतात.

उपग्रहावरून क्वाम का नाही, गोल गोल ठिपके का?

तिथेही अ‍ॅम्प्लिफायरच. उपग्रहावर सौर पॅनेलची मोजकी वीज असते, अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताणूनच चालवावा लागतो. चौकोनी रांगोळीचे कोपरे सर्वात उंच, ते चेपले जातात. वर्तुळांत मांडलेल्या ठिपक्यांना कोपरेच नसतात. डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या मानकातलं १६-एपीएसके हे असंच, आत चार आणि बाहेर बारा.

टर्बो कोड, एलडीपीसी ही मॉड्युलेशनं आहेत का?

नाहीत. ती चूक दुरुस्तीची साधनं. पण चूक दुरुस्ती आणि मॉड्युलेशन यांचा संसार एकत्रच आहे हे उंगरबॉक यांनी १९८२ मध्ये दाखवलं. टर्बो कोड १९९३ चे. एलडीपीसी गॅलॅगर यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडले होते आणि पुढे तीस वर्षं ते जवळपास विसरले गेले. आज ५जी त तुमची माहिती त्यांच्यावरच येते.

आणि मायमो?

तेही मॉड्युलेशन नाही, पण हर्ट्झमागे बिट वाढवण्यात आज त्याचा वाटा कुठल्याही रांगोळीपेक्षा मोठा आहे. एकाच पट्टीत, एकाच वेळी, अनेक अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह पाठवायचे. ज्या प्रतिध्वनींना आपण शत्रू समजत होतो, तेच इथे प्रवाह वेगळे करायला मदत करतात. याचं १९९४ चं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांच्या नावे आहे. पॉलराज आधी भारतीय नौदलात होते. कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला, आणि १९५६ मध्ये ते पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीसमोरून जाताना मी मुलांना हे सांगतो.

फोनवर रेंज पूर्ण दिसते तरी नेट हळू. का?

त्या कांड्या सिग्नल किती जोराचा आहे ते सांगतात. ठिपके किती दाट ठेवता येतील हे ठरतं सिग्नल आणि बाकी गोंगाट यांच्या गुणोत्तरावर. दोन टॉवरच्या मधोमध उभे असाल तर दोन्हींचा आवाज मोठा, आणि शेजारचा टॉवर म्हणजे तुमच्यासाठी गोंगाटच. शिवाय पट्टी सगळ्यांत वाटलेली असते. यात्रेच्या दिवशी जेजुरीत कांड्या पूर्ण असतात आणि मेसेज जात नाही तो यामुळे.

हर्ट्झमागे जास्तीत जास्त बिट हेच नेहमी ध्येय असतं का?

मुळीच नाही. द्राक्षाच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारं यंत्र दिवसातून चार वेळा दोन आकडे पाठवतं आणि पेन्सिल सेलवर काही वर्षं चालायला हवं असतं. तिथे लोरा हे कमी विजेत लांब पोचणारं रेडिओ तंत्र वापरतात. त्याची सर्वात संथ चाल १२५ किलोहर्ट्झमध्ये सेकंदाला फक्त २९३ बिट देते, म्हणजे हर्ट्झमागे एका बिटाचा चारशेवा भागही नाही. पण सिग्नल नॉइजच्या कितीतरी खाली बुडालेला असला तरी तो वाचता येतो. कुठे हर्ट्झ महाग, कुठे सेल महाग. आधी ते ठरवा, मग मॉड्युलेशन.

शेजारच्या चॅनेलमध्ये थोडं सांडलं तर एवढं काय बिघडतं?

नारायणगावजवळ खोडदला जा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ३० दुर्बिणी, प्रत्येकीची डिश ४५ मीटर व्यासाची, जगातल्या सर्वात क्षीण रेडिओ लहरी ऐकत असतात. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या रेषेवर ज्या लहरी येतात, त्यांतल्या कित्येक आपल्याकडे फोनच काय, शेतीही नव्हती तेव्हा निघालेल्या असतात. त्यांच्यापुढे एका ढिसाळ ट्रान्समीटरचा सांडलेला कचरा म्हणजे कानाशी फटाका. कडा नीट कापलेलं मॉड्युलेशन मी सभ्यतेचा भाग मानतो.

हे घरी बसून शिकायचं तर सुरुवात कशी करू?

आधी कागदावर. १६-क्वामची रांगोळी काढा, प्रत्येक ठिपक्याला चार बिटांचं नाव द्या, आणि ते असं द्या की शेजारच्या कुठल्याही दोन ठिपक्यांत एकाच बिटाचा फरक राहील. हे जमायला अर्धा तास लागतो आणि ग्रे कोड कायमचा डोक्यात बसतो.

मग पायथॉनमध्ये तेच ठिपके काढून त्यांवर नॉइज टाका आणि हळूहळू वाढवत न्या. ठिपक्यांचे ढग होतात, ढग एकमेकांना चिकटतात. ते चिकटतात त्या आकड्याची वहीत नोंद करा.

त्यानंतर काही हजारांत मिळणारा आरटीएल-एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसिव्हर, घ्या. तो फक्त ऐकतो, त्यामुळे तुमच्या हातून कुणाला त्रास होत नाही. (पाठवायचं असेल तर परवाना लागतो, हौशी रेडिओची परीक्षा द्या, अवघड नाही.) कुणाचं संभाषण उलगडायच्या फंदात पडू नका. लहरींचा आकार पाहण्यातच शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये सावकाश फिरा. जीएसएमचे चॅनेल जिथे अजून चालू असतील तिथे गोल माथ्याच्या टेकड्या दिसतील, २०० किलोहर्ट्झच्या. मग अचानक उभा कडा येईल आणि त्यावर सपाट माथा, कासच्या पठारासारखा. तो ओएफडीएम. एका वेळी २ मेगाहर्ट्झच्या आसपासच दिसतं, म्हणून पठाराचं दुसरं टोक गाठायला ट्यूनिंग पुढे न्यावं लागेल. दोन्ही टोकांचे आकडे लिहा, वजाबाकी करा, आणि ४.५, ९ की १८ मेगाहर्ट्झ येतात ते बघा. त्याला १५ किलोहर्ट्झने भागलं की उपवाहक किती ते तुम्हीच सांगाल.